‘समाप्ती-क्रम’ आणि ‘जटिलता-मर्यादा’ : हे शब्द बरोबर आहेत का?

प्रश्न : कोथरूडला आमचा एक छोटा गट टर्म रीरायटिंगवर, म्हणजे चिन्हांनी लिहिलेली पदं ठरलेल्या नियमांनी बदलत नेण्यावर, मराठीतून टिपणं लिहितोय. ‘टर्मिनेशन ऑर्डरिंग’ला ‘समाप्ती-क्रम’ आणि ‘कॉम्प्लेक्सिटी बाउंड’ला ‘जटिलता-मर्यादा’ लिहिलं, पण वाचणारे दोन्हीकडे अडखळतात. काय लिहावं?

– ‘समाप्ती-क्रम’ वाचून वाटतं, आधी काय संपतं नि मग काय, याची यादी असावी. खरा मुद्दा असा की प्रत्येक नियम लावताना पद ‘लहान’ होतं, आणि लहान होत जाणं कुठेतरी थांबतंच. ‘उतरता क्रम’ म्हणा.

– उतरता क्रम शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो, पण तो संख्या मांडण्याचा. गोंधळ वाढेल. मी ‘समाप्तिदर्शक क्रम’ सुचवेन, म्हणजे प्रक्रिया थांबते हे ज्याच्या आधारे दाखवता येतं तो क्रम. ताई, टिपणात व्याख्येआधी उदाहरण द्या. बेरजेचे दोन नियम घ्या : बेरीज(०, य) → य, आणि बेरीज(पुढचा(क्ष), य) → पुढचा(बेरीज(क्ष, य)). ‘पुढचा’ म्हणजे १ ने मोठी संख्या, म्हणून २ लिहायचं पुढचा(पुढचा(०)) असं. आता प्रत्येक पदाला वजन द्या. ० चं वजन १, ‘पुढचा’ वजनात १ वाढवतो, आणि बेरजेचं वजन म्हणजे पहिल्याची दुप्पट अधिक दुसरं. २ + ३ करताना वजन १०, मग ९, मग ८, मग ६ असं उतरतं. वजन पूर्णांकी आणि धन, शिवाय दर पायरीला कमी होणारं. त्यामुळे १० पेक्षा जास्त पायऱ्या पडूच शकत नाहीत. प्रत्यक्षात ३ लागल्या.

– म्हणूनच ‘जटिलता’ खटकते. नियम गुंतागुंतीचे आहेत असा अर्थ निघतो, आणि हे दोन नियम तर किती साधे! मोजायच्या आहेत पायऱ्या. ‘पायऱ्यांची कमाल मर्यादा’ लिहा. ‘सीमा’ नको, ती कलनात ‘लिमिट’साठी अडकलेली आहे.

– सहमत. यातलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे की ज्या क्रमाने थांबणं सिद्ध केलं, त्यावरून मर्यादाही कळते. वरच्यासारखी वजनं बहुपदींनी दिली, तर पायऱ्या दुहेरी घातांकी (घातांकावर पुन्हा घातांक) वाढीपलीकडे जात नाहीत (होफबाउअर आणि लाउटेमान, १९८९). मल्टिसेट पाथ ऑर्डर या दुसऱ्या क्रमाने थांबणं सिद्ध झालं, तर मर्यादा प्रिमिटिव्ह रिकर्सिव्ह, म्हणजे फेऱ्या आधीच ठरलेल्या लूपांनी काढता येईल अशी (होफबाउअर, १९९२). लेक्सिकोग्राफिक पाथ ऑर्डर हा क्रम त्याहून पुढे जातो, अशा लूपांच्या आवाक्याबाहेर वाढणाऱ्या आकरमान फलनाचे नियमही त्यात बसतात. तिथली मर्यादा वायरमान यांनी १९९५ मध्ये दाखवली. क्रम जितका ताकदवान, तितकी मर्यादा सैल. टिपणात ही गोष्ट तळटीपेत ढकलू नका.

– थोडं विषयांतर : ‘रीरायटिंग’ला ‘पुनर्लेखन’ म्हटलं की संपादन आठवतं. पाणिनीय परंपरेत जुना शब्द आहे. ज्याच्या जागी बदल होतो तो स्थानी, जो येतो तो आदेश. ‘इको यणचि’ या पाणिनीच्या संधिसूत्राने इति + आदि चं इत्यादि होतं, तिथे इ स्थानी, य् आदेश.

– शब्द नेमका आहे, पण आज ‘आदेश’ म्हणजे हुकूम. टिपणात एकदा ओळख करून द्या, पुढे ‘पदांतर’ वापरा.

– आभार सर्वांचे. ‘समाप्तिदर्शक क्रम’ आणि ‘पायऱ्यांची कमाल मर्यादा’ घेतले. ‘पदांतर’ मात्र गटात विचारून ठरवते, कारण आमच्याकडे दोघं संस्कृतवाले आहेत आणि त्यांना ‘आदेश’च हवा असेल.