समकालीन चित्र विकत घ्यावे की भाड्याने, आणि सल्ला कोणाचा?

कोथरूडकर: बैठकीच्या खोलीसाठी एखादे समकालीन चित्र घेण्याचा विचार आहे. एका सल्लागारांनी घरी येऊन मार्गदर्शन करण्याची तयारी दाखवली. परंतु त्यांच्या सूचना निःपक्षपाती आहेत, हे कसे ओळखावे?

कलाविद्यार्थी: त्यांचे मानधन आपण देणार की कलादालन, हे आधी लेखी विचारावे. विक्रीवर दलाली मिळणारा माणूस वाईट असतोच असे नाही, मात्र तो भाड्याचा पर्याय क्वचितच सुचवेल. दरम्यान पुण्यातील बालगंधर्व कलादालनातील प्रदर्शने पाहून चित्रकारांशी थेट बोलावे. तो सल्ला फुकट मिळतो, आणि बहुधा अधिक प्रामाणिक असतो.

पेठेतला: भिंत कोणती, हे सल्लागारांनी विचारले का? पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदावरचे काम लावल्यास बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात, म्हणून आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा) आणि चित्र काचेला न टेकणारी चौकट आवश्यक आहे. मुद्राचित्र (ठशावरून मोजक्या प्रतींत छापलेले चित्र) असेल तर खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेला ५/२५ सारखा आकडा, म्हणजे २५ प्रतींपैकी पाचवी, व सही तपासावी. भाड्याने घेतल्यास विमा, वाहतूक आणि पुढे खरेदी केल्यास भाडे किमतीतून वजा होणार का, हे करारात हवे.

कोथरूडकर: आभार. चित्राचे छायाचित्र माझ्या व्यवसायाच्या माहितीपत्रकावर छापता येईल ना?

कलाविद्यार्थी: नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार केवळ चित्र विकत घेतल्याने स्वामित्वहक्क आपल्याकडे येत नाही. चित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी.