शब्दचर्चा : ‘कस्टम नंबर फॉरमॅट’ला मराठीत काय म्हणावे, आणि तसे खाने हुडकावेत कसे?

परभणीहून, प्रश्न
गावच्या सेवा सोसायट्यांच्या गटसचिवांसाठी एक्सेलची मराठी टिपणे तयार होत आहेत. त्यात ‘सानुकूल संख्या स्वरूपन असलेले कक्ष शोधा’ असे एक वाक्य आले आहे. वाचणाऱ्याला यातून काहीच हाती लागणार नाही, असे वाटते. ‘फॉरमॅट’, ‘कस्टम’ आणि ‘सेल’ या तिन्हींसाठी बोलण्यातले शब्द सुचवा. असे सेल शोधायची खात्रीची रीतही सांगा.

लातूरहून
आधी ‘स्वरूप’ काढा. स्वरूप म्हणजे वस्तूचे स्वतःचे रूप, आणि फॉरमॅट नेमके त्याच्या उलट असते. मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) सोयाबीनच्या हिशेबात वजन १२.५ टाकले आणि फॉरमॅट ०.००" क्विं." दिला, तर पडद्यावर १२.५० क्विं. दिसते. वरच्या फॉर्म्युला पट्टीत मात्र १२.५च असते. खरे स्वरूप ते फॉर्म्युला पट्टीतले. पडद्यावर दिसतो तो अंगावर चढवलेला वेश. म्हणून ‘अंकवेश’ म्हणा. वेश बदलला तरी माणूस तोच, एवढे त्या शब्दातूनच कळते, आणि शिकणाऱ्याला नेमके तेच कळायला हवे असते.

हे न कळल्याने बेरजेवरून वाद होतात. दोन खान्यांत १.४ आणि १.४ आहेत आणि वेश नुसता ० आहे. दिसते १ आणि १, बेरीज दिसते ३. एक्सेलने २.८ हीच बेरीज केली आणि तिला पूर्णांकाचा वेश घातला. आकडा खरोखरच पूर्णांक करायचा असेल तर ‘राउंड’ फंक्शन लागते. ते काम वेशाचे नाही.

नांदेडहून
‘सानुकूल’चा मराठीतला अर्थ अनुकूल, मनासारखे घडणारे. वारा सानुकूल असतो, ग्रह सानुकूल असतात. आपण घडवलेल्या वस्तूला तो शब्द लागत नाही. ‘पदरचा वेश’ कसे वाटते? पदरचे घातले म्हणजे मुळात नव्हते ते आपण घातले.

जालन्याहून
‘पदरचे’ म्हटले की खर्च आठवतो. वेश शब्द घेतलाच आहे, तर शिंप्याचा शब्द घ्या : ‘बेतलेला’. कापड अंगाच्या मापाने बेततात. ‘जिवावर बेतणे’मधला अर्थ वेगळा, त्याची इथे अडचण होत नाही. तयार वेश आणि बेतलेला वेश, अशी जोडीही जमते.

ही जोडी कामाची आहे, कारण एक्सेलच्या फॉरमॅट खिडकीतली ‘कस्टम’ ही यादी फसवी आहे. तिथे दिसणारे सगळेच कोड (वेश कसा दिसावा ते सांगणारी चिन्हे) कुणी बेतलेले नसतात, ०.०० सारखे तयार वेशही त्याच यादीत असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे यादीतल्या कोडवर टिचकी मारून खालचे ‘डिलीट’ बटण पाहणे. तयार वेशावर ते मंद राहते, बेतलेल्यावर उजळते. मात्र ते दाबू नका. कोड पुसला की तो वापरणारे सगळे खाने ‘जनरल’वर, म्हणजे एक्सेलच्या मूळ साध्या वेशावर येतात.

उदगीरहून
‘सेल’ला कक्ष नको, पेशी तर नकोच. बुद्धिबळाच्या पटावर ‘घर’ असते. आपल्याकडे ‘खाना’ही सहज कळतो. फारसीत खाना म्हणजे घर आणि कप्पाही. कारखाना, दवाखाना यांतला हाच. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत होते, त्यामुळे मराठवाड्याच्या कानाला तो परका नाही. ‘रकाना’ मात्र उभ्या कॉलमसाठीच ठेवा, नाहीतर घोटाळा होईल. आणि ‘नमुना’ हा शब्द फॉरमॅटसाठी वापरू नका. सात-बारा म्हणजेच गाव नमुना सात आणि बारा. तिथे नमुना म्हणजे अख्खा तक्ता.

लातूरहून
आता हुडकण्याचे. ‘शोधणे’ मजकुरासाठी राहू द्या, वेशावरून काढायचे ते ‘हुडकणे’.

कंट्रोल-एफ दाबा, ‘ऑप्शन्स’ उघडा. ‘फाइंड व्हॉट’ रिकामे ठेवा. ‘फॉरमॅट’ बटण, त्यात ‘नंबर’ टॅब, ‘कस्टम’, मग हवा तो कोड निवडा. ‘विदिन’मध्ये ‘वर्कबुक’ केले की सगळी पाने तपासली जातात. ‘फाइंड ऑल’ दाबल्यावर खाली यादी येते. एकाच पानातले खाने असतील तर यादीत टिचकी मारून कंट्रोल-ए केल्यावर ते सगळे एकदम निवडले जातात.

‘फॉरमॅट’ बटणाशेजारच्या बाणात ‘चूज फॉरमॅट फ्रॉम सेल’ आहे. ते सोपे वाटते आणि तिथेच बहुतेक जण अडतात. ते नुसता अंकवेश उचलत नाही. फॉन्ट, रंग, किनार, डावे-उजवे सगळे उचलते. मग तोच कोड असलेला, पण पिवळा न रंगवलेला खाना सापडत नाही. दुसरी अडचण अशी की निवडलेला वेश ही शोधायची खिडकी लक्षात ठेवते. नंतर साधे नाव शोधायला गेलात तरी ‘सापडले नाही’ येते. त्याच बाणातले ‘क्लिअर फाइंड फॉरमॅट’ दाबून मगच पुढे जा.

परभणीहून
काही जणांनी ‘क्विं.’ हाताने टाइप केले आहे, काहींनी वेश दिला आहे. दिसायला दोन्ही सारखेच. वेगळे कसे काढायचे?

जालन्याहून
‘फाइंड व्हॉट’मध्ये क्विं. लिहा. ‘लुक इन’ला ‘व्हॅल्यूज’ ठेवले तर दिसणारा मजकूर तपासला जातो, म्हणून दोन्ही सापडतात. ‘फॉर्म्युलाज’ ठेवले तर फक्त हाताने लिहिलेले सापडतात. ते दुरुस्त कराच, कारण रकान्याच्या ‘सम’मध्ये ते धरले जात नाहीत आणि वजन गुपचूप कमी भरते. शोधण्याआधी रकाना रुंद करा. #### दिसत असेल तर ‘व्हॅल्यूज’मध्ये तो खाना निसटतो.

कोणते कोड वापरलेत हेच माहीत नसेल तर मात्र ही खिडकी अपुरी पडते. ‘कोणताही बेतलेला वेश’ असा पर्याय तिच्यात नाही, एफ ५च्या ‘स्पेशल’मध्येही नाही, तिथले ‘कंडिशनल फॉरमॅट्स’ (अट घालून दिलेले वेश) वेगळे. छोटा मॅक्रो (एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारा प्रोग्राम) लिहून प्रत्येक खान्याचा ‘नंबरफॉरमॅट’ आणि पत्ता नव्या पानावर उतरवणे हा खात्रीचा मार्ग. ‘सेल’ फंक्शनवर विसंबू नका. ते कोड देत नाही, ढोबळ जात सांगते. आणि वेश बदलल्यावर एफ ९ दाबेपर्यंत जुनेच उत्तर दाखवते.

यादीत ;;; असा कोड दिसला तर थांबा. तो खान्यातला आकडा आणि मजकूर दोन्ही लपवतो, पण बेरजेत आकडा असतोच.

उदगीरहून
जमिनीच्या पत्रकांसाठी एक भर. सात-बाऱ्यावर हेक्टर-आर, बोलण्यात एकर-गुंठे. १०० आरांचा हेक्टर, म्हणून १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५. कुणी १.५ टाकले तर ०.०० हा वेश ते १.५० दाखवतो आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.

एकराचे तसे नाही, ४० गुंठ्यांचा एकर. २ एकर १५ गुंठे हे २.१५ टाकले तर बेरीज चुकणारच, आणि कोणताही वेश ती सावरणार नाही. खान्यात =२+१५/४० लिहा; किंमत २.३७५ होते. वर # ??/४० हा वेश बेता, म्हणजे २ १५/४० दिसते. कोडमधले आकडे इंग्रजी कळांनीच टाइप करायचे.

परभणीहून
टिपणात वाक्य असे करत आहे : ‘बेतलेला अंकवेश (कस्टम नंबर फॉरमॅट) असलेले खाने हुडका’.

नांदेडहून
‘बेतलेला’ मान्य. कंसातले नाव प्रत्येक पानावर ठेवा, कारण पडद्यावर तेच इंग्रजी शब्द दिसतात.