मदत हवी आहे: ओंकारेश्वरच्या बेटावर तिथल्याच मंडळासोबत सगळ्या वयाचा गट न्यायचा आहे

सुदामानगरची

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरची काही मराठी कुटुंबं. सुदामानगर, वैशालीनगर, लोकमान्यनगर अशी विखुरलेली, पण ओळखी जुन्या. कुणाची शाळेपासूनची, कुणाची सानंदच्या नाटकांना शेजारी बसून झालेली. जमेल तसं सगळे मिळून एक दिवस बाहेर पडतो. पाताळपाणी, जानापाव, चोरल, मांडू हे सगळं करून झालंय. आता मांधाता बेटावर, म्हणजे ओंकारेश्वरला जायचं ठरतंय. मात्र दर्शनाची रांग, जेवण आणि परत, असं नकोय. बेट नीट पायी पाहायचंय.

बेटावरच राहणाऱ्या काही तरुणांनी मिळून एक छोटं मंडळ केलंय. नोंदणी, पावतीपुस्तक असलं काही नाही. रविवारी सकाळी बाहेरून आलेल्या गटाला सोबत घेऊन ते परिक्रमा करवतात, वाटेतली देवळं दाखवतात, पक्षी दाखवतात आणि शेवटी नावेतून फेरी असते. त्यांच्याशी फोनवर बोलले. मुलं मला मनापासून आवडली. पहिला प्रश्न त्यांनी पैशांचा केला नाही. "ताई, सगळ्यात लहान कोण आणि सगळ्यात मोठं कोण?" असं विचारलं.

आणि माझी अडचण नेमकी तीच आहे. गटात पावणेतीन वर्षांची चिमणी आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढचे तिघं आहेत. एका काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पण त्यांना नुसतं खोलीवर बसायचं नाहीये. दहावी-बारावीतली पोरं आहेत, त्यांना संगमावर पोहायचंय. दोन घरांचं म्हणणं असं की आलोच आहोत तर नर्मदेत डुबकी हवीच. आणि एक आई नावेचं नाव काढलं तरी गप्प होते.

तारीख नोव्हेंबरच्या शेवटी धरतोय, कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा टाळून. त्या दिवसांत पंचक्रोशीची यात्रा असते आणि गर्दीत म्हातारी माणसं सांभाळणं कठीण जातं.

विचारायचंय ते असं. ज्यांना पूर्ण परिक्रमा झेपणार नाही त्यांनी नुसतं दर्शन घेऊन थांबायचं की बेटाचा काही भाग त्यांनाही चालता येईल? पाण्याचं काय ठरवावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, काठावर उभं राहून एकानं "आज पाण्यात नाही" म्हटलं, की बाकीचे त्याची समजूत घालायला लागतात. हे मी आमच्या गटात पाहिलेलं आहे. तिथे शेवटचा शब्द कुणाचा असावा, आणि तो सगळ्यांनी आनंदानं मानावा यासाठी आधी काय करावं? कुणी असे गट नेले असतील तर कृपया सविस्तर लिहा. मला सगळ्यांना घेऊन जायचंय. कुणाला "तुम्ही राहू द्या" असं सांगायचं नाहीये.

रेवातीर

ताई, बेटाची परिक्रमा साधारण सात किलोमीटरची आहे. पण सात किलोमीटर हा आकडा फसवा आहे, कारण वाट दोन स्वभावांची आहे. देवळापासून निघून बेट उजव्या हाताला ठेवत पश्चिमेकडे चालायला लागलात, की संगमापर्यंतचा भाग बराचसा सपाट आहे, बांधलेला आहे आणि नदी जवळ राहते. बेटाच्या उत्तरेकडच्या प्रवाहाला कावेरी म्हणतात. ती आणि नर्मदा पश्चिमेच्या टोकाला एकत्र येतात. तिथेच ऋणमुक्तेश्वराचं देऊळ आहे. लोक तिथे हरभऱ्याची डाळ वाहतात, कर्जातून सुटका व्हावी म्हणून. इथपर्यंत तुमच्या काकू काठी घेऊन, बसत-उठत, सहज येतील.

खरा चढ त्यानंतर आहे. तिथून गौरी सोमनाथाकडे वर चढायचं. पुढे सिद्धनाथापर्यंत वाट वर-खाली होत राहते, पायऱ्याही आहेत. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त भोवतं, आणि सिद्धनाथानंतर उतारच आहे. म्हणून गटाचे दोन भाग ऋणमुक्तेश्वरापाशी करा, देवळापाशी नको. सगळे मिळून निघा, संगमापर्यंत मिळून चाला, तिथे डबा उघडून बसा. मग चालणारे वर जातील आणि ज्येष्ठ मंडळी आल्या वाटेनं परत फिरतील. पाणी शांत असेल आणि नावाडी हो म्हणाला तर नावेतून. असं केलंत तर "आम्हाला अर्ध्यात सोडलं" असं कुणालाच वाटणार नाही.

चालणाऱ्यांना सांगा, गौरी सोमनाथाच्या आत जाऊन शिवलिंग बघा. इतकं प्रचंड आहे की दोघांनी मिळून कवेत घ्यायचा प्रयत्न करतात. हात जुळतात ते फक्त मामा-भाच्याचे, असं तिथली माणसं सांगतात. आणि सिद्धनाथाला जोत्याभोवती कोरलेले हत्ती आहेत. मुलांना तिथे अर्धा तास द्याच. आमची मंडळी १०८ फुटी शंकराचार्यांच्या मूर्तीचे फोटो काढतात आणि या हत्तींना बघतही नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

खंडवेकर

मी पाण्याबद्दलच लिहितो, कारण बाकीचं रेवातीर यांनी उत्तम सांगितलंय.

ओंकारेश्वरचं धरण बेटाच्या अगदी वरच्या अंगाला आहे. ५२० मेगावॉटचं वीजघर आहे तिथे. त्याच्याही वर पुनासाला इंदिरासागर, १००० मेगावॉटचं. म्हणजे तुमच्यासमोरची नर्मदा पावसावर कमी आणि विजेच्या मागणीवर जास्त चालते. आकाश निरभ्र असतं, सकाळी खडक उघडे पडलेले असतात, त्यावर लोक जाऊन बसतात, आणि वर यंत्रं सुरू झाली की त्याच खडकांभोवती पाणी चढतं. भोंगा वाजतो. पण नवख्या माणसाला तो कशाचा आहे हे कळत नाही, आणि गर्दीत, घंटानादात ऐकूही येत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये असेच भाविक मध्ये अडकले होते. स्थानिक नावाड्यांनी त्यांना बाहेर काढलं. आणि २००५ च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठच्या धाराजीला अमावास्येच्या मेळ्यात इंदिरासागरचं पाणी आलं, त्यात साठच्या वर माणसं गेली. आमच्या भागात त्या दिवसाबद्दल आजही कुणी मोठ्या आवाजात बोलत नाही.

तेव्हा संगमावर पोहणं नाही. याला "बघू तिथे गेल्यावर" असं उत्तर नाही. दहावीच्या पोराला तलावात पोहता येतं म्हणून वाहत्या नर्मदेत येतं असं नसतं. खाली खडक आहेत, कपारी आहेत, आणि पाणी वरून संथ दिसतं. डुबकी ज्यांना हवी त्यांनी बांधलेल्या घाटावर, साखळी हातात धरून, पायरीवरच घ्यावी. पुण्य तेवढंच मिळतं.

आता तुमचा खरा प्रश्न, शेवटचा शब्द कुणाचा. तो बेटावरच्या माणसाचा असू द्या, तुमच्या गटातल्या कुणाचाही नको. गटातला माणूस नाही म्हणाला की तो काका असतो, जावई असतो, कुणाचा तरी साहेब असतो, आणि मग नातं मध्ये येतं. नावाड्याला तुमच्या नात्यांशी घेणं-देणं नाही, त्याला नदी कळते. पण एक गोष्ट लक्षात घ्या, "नाही" म्हटलं की नावाड्याची त्या दिवसाची कमाई जाते. म्हणून पैसे आधीच ठरवा, पूर्ण नावेचे ठरवा, माणशी नको, आणि नाव सुटली नाही तरी ते द्यायचे असं त्याला स्पष्ट सांगा. माणशी ठरवलंत की आणखी दोघं बसवण्याचा मोह होतो. पूर्ण नावेचे दिलेत आणि फेरी रद्द झाली तरी त्याचं नुकसान झालं नाही, की तो तुम्हाला खरं ते सांगेल. सुरक्षेवर खर्च करायचा असेल तर माझ्या मते पहिला खर्च हा.

माळवी पाय

खंडवेकरदादांशी शंभर टक्के सहमत. दोन-चार प्रवासाच्या गोष्टी.

रेल्वेचा विचार करू नका, छोट्या लाइनचे दिवस गेले. टेंपो ट्रॅव्हलर करा. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पण सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह, मोरटक्का या रस्त्यावर एक ट्रक घाटात बंद पडला की सगळं गणित कोलमडतं. पहाटे पाचला इंदूर सोडा. पोहे-जिलेबी घरूनच बांधून घ्या, वाटेत गाडी थांबली की अर्धा तास जातो. पावसाळ्यात जायचं असेल तर आधी मोरटक्क्याच्या पुलाची चौकशी करून मगच निघायचं. २०२३ च्या सप्टेंबरात पाणी त्या पुलावरून गेलं होतं.

माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरलं की ऊन वेगळंच लागतं, नोव्हेंबरातसुद्धा. परिक्रमा अनवाणी करणारे कुणी असतील तर त्यांना जाड सुती मोजे द्या. साडेदहा-अकरानंतर फरशी तापते आणि माणूस पाय उचलून-उचलून चालायला लागतो, तोल जातो तो तेव्हा. माकडं भरपूर आहेत. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती गेलीच समजा. डाळ, प्रसाद, बिस्किटं पाठीवरच्या बंद पिशवीत.

ज्येष्ठांच्या विश्रांतीसाठी दक्षिण काठावर शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं भक्तनिवास आहे. स्वच्छता आणि शिस्त शेगावसारखीच. आपल्या काकवांना तिथे घरी आल्यासारखं वाटेल.

बडोद्याहून

लिहू की नको असा विचार करत होतो, पण लिहितोच.

आमच्याकडे हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. तो तलाव शहरातच आहे, नदी नाही, पूर नाही. तुमच्या गटातली ती आई नावेचं नाव निघाल्यावर गप्प होते ना, तिला कुणी घाबरट म्हणू नका. तिला आणि तिच्या मुलांना पुलावरून चालत जाऊ द्या. बेटावर जायला पायी पूल आहेत, नावेशिवाय काही अडत नाही. आणि हे सगळ्यांसमोर, तिनं विचारायच्या आधी, तुम्हीच सांगून टाका.

भरूचजवळ नर्मदेतल्या कबीरवड बेटावर आमचा गट नेतो तेव्हा नियम एवढाच की जॅकेट काठावर घालायचं, नावेत बसल्यावर नाही, आणि उतरून जमिनीवर पाय टेकल्याशिवाय काढायचं नाही. फोटोसाठी उभं राहायचं नाही. एका बाजूला सगळे धावत नाहीत, पक्षी दिसला तरीही.

सुदामानगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलेलं मी घरच्यांना आणि गटातल्या दोन मोठ्यांना वाचून दाखवलं. हरणीचं वाचल्यावर घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

मंडळातल्या मुलांशी पुन्हा बोलले. नावेचे पूर्ण पैसे, फेरी होवो न होवो, हे सांगितल्यावर पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग ताई, एक सांगतो, दुपारी उशिरा नाव नको. सकाळी लवकर करू, परिक्रमेच्या आधी." आधीच्या फोनवर हे त्यानं सांगितलं नव्हतं. खंडवेकरदादा, तुमचं म्हणणं लगेच पटलं.

तेव्हा आता असं: पोचल्या पोचल्या, ज्यांना हवं त्यांनी नाव, बाकीचे पुलावरून. मग सगळे मिळून संगमापर्यंत पायी, तिथे डबे. नंतर चालणारे गौरी सोमनाथाकडे, आणि ज्येष्ठ मंडळी मंडळातल्या दोन मुलांसोबत सावकाश परत. नाव सकाळीच होणार असल्यामुळे परतीला काकूंना सगळं चालावं लागेल. त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, "मला वेळ द्या, मी येते." पोहण्याचं गाडीत बसायच्या आधीच, पोरांच्या आईवडिलांसमोर, सांगून टाकणार आहे. पोरांना मी वेगळं काम दिलंय. सिद्धनाथाचे हत्ती मोजायचे आणि प्रत्येक जोडीचं चित्र काढून आणायचं. थोडी कुरकुर झाली, पण एकीनं चित्रकलेची वही काढूनही ठेवली.

एकच प्रश्न उरलाय. चिमणीसाठी जॅकेट. मुलं म्हणतात त्यांच्याकडे लहान आहे, पण ते बरोबर आहे की नाही हे ओळखायचं कसं?

बडोद्याहून

घालून सगळे पट्टे आवळा. मग जॅकेटला दोन्ही खांद्यांवर धरून तिला हलकं वर उचला. जॅकेट सरकून हनुवटीपर्यंत किंवा कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात ती त्यातून निसटेल. जागेवर राहिलं तर ठीक. इतक्या लहान मुलीसाठी दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा आणि मानेमागे उशी असलेलंच हवं. त्यांना आजच त्याचा फोटो पाठवायला सांगा. तसं नसेल तर चिमणी आणि तिची आई पुलावरून.

खंडवेकर

आणि फोटोत शिवण बघा. खांद्याची शिवण उसवलेली असेल, फोम दाबल्यावर पुन्हा फुगत नसेल, तर ते घेऊ नका. शनिवारी संध्याकाळी मंडळाला एक फोन करून पाणी किती आहे ते विचारा, आणि रविवारी मोरटक्का ओलांडल्यावर पुन्हा एकदा. मधल्या रात्रीत बदलतं.