कर्नल अद्ययावत झाल्यापासून ग्राफिक्स ड्रायव्हर लोड होत नाही

प्रश्न:
माझ्या वर्कस्टेशनवर उबुंटू (लिनक्स) आहे आणि त्यात एनव्हिडियाचे कार्ड बसवलेले आहे. नवे कर्नल (प्रणालीचा गाभा) आल्यापासून दोनपैकी एकाच मॉनिटरवर चित्र दिसते, विंडो नुसती सरकवली तरी प्रोसेसरवर ताण येतो आणि ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरला कार्ड सापडतच नाही. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुने कर्नल निवडले, तर सर्व सुरळीत चालते. ड्रायव्हर काढून नव्याने टाकावा, की आधी आणखी काही तपासावे? रेंडरिंगचे काम खोळंबले आहे, तरीही नेमके कारण समजल्याशिवाय काही बदलण्याची इच्छा नाही.

उत्तर १:
ड्रायव्हर इतक्यात काढू नका. जुन्या कर्नलवर कार्ड नीट चालते, त्याअर्थी कार्डात किंवा केबलमध्ये दोष नाही. एएमडी आणि इंटेल यांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. एनव्हिडियाचा मात्र कर्नलबाहेरचा असल्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचे स्वतंत्र मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) लागते, जे एकतर उबुंटूकडून तयार मिळते किंवा डीकेएमएस हे साधन आपल्याच यंत्रावर तयार करते. नव्या कर्नलमध्ये राहून 'डीकेएमएस स्टेटस' पाहा. चालू कर्नलच्या आवृत्तीपुढे 'इन्स्टॉल्ड' दिसत नसेल, तर बहुधा मॉड्यूल तयार करायला लागणाऱ्या त्या आवृत्तीच्या हेडर फाइल्स नाहीत. दिसत असेल, तर मॉड्यूल लोड करण्यासाठी 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' ही आज्ञा द्या आणि येणारा संदेश जसाच्या तसा येथे लिहा.

प्रश्नकर्ता:
'इन्स्टॉल्ड' दिसते. मॉडप्रोबचा संदेश असा आहे: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

उत्तर २:
या संदेशाने शोध बराच सोपा केला. सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना सही तपासणारी सुरक्षा सोय) चालू असताना कर्नल फक्त विश्वासू कीने (डिजिटल किल्लीने) सही केलेलीच मॉड्यूल स्वीकारते; तुमचे मॉड्यूल तयार झाले आहे, पण त्यावरील सहीची की फर्मवेअरकडे (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरकडे) नोंदलेली नाही. जुन्या कर्नलचे मॉड्यूल उबुंटूने सही करून दिलेले असावे, म्हणून ते चालते. 'मॉडइन्फो -एफ साइनर एनव्हिडिया' ही आज्ञा दोन्ही कर्नलमध्ये देऊन सही कोणाची आहे ते ताडून पाहा.

सही तुमच्याच यंत्रावरील कीची निघाली, तर 'मोकुटिल' या आज्ञेच्या 'इम्पोर्ट' पर्यायाने ती की नोंदणीसाठी द्या. उबुंटूमध्ये ती 'शिम-साइन्ड' फोल्डरमधील 'मोक' (यंत्रमालकाची की) या उपफोल्डरात असते. तेथे एकदाच वापरायचा पासवर्ड ठरवावा लागतो. तो साध्या अक्षरांचा आणि अंकांचा ठेवा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्डची मांडणी अमेरिकी धरली जाते. यंत्र पुन्हा सुरू होताना येणारा निळा पडदा साधारण 10 सेकंदच थांबतो. तेवढ्यात कोणतीही कळ दाबून 'एन्रोल मोक' निवडले नाही, तर नोंदणी होत नाही आणि सारे पहिल्यापासून करावे लागते. सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला अनेकजण देतात, पण एका कीच्या नोंदणीने भागत असताना संरक्षणाचा एक थर काढून टाकणे मला पटत नाही.

उत्तर ३:
वरील निदानाशी सहमत आहे. मात्र मधल्या काळात कंपनीच्या संकेतस्थळावरील 'डॉट रन' फाइल चालवू नका. पॅकेजमधून आलेल्या ड्रायव्हरवर तो इन्स्टॉलर चालवल्यास मॉड्यूल एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीच्या अशी सरमिसळ होऊ शकते, आणि ती निस्तरणे सहीच्या अडचणीपेक्षा कितीतरी किचकट असते. नोंदणीनंतर 'जीएलएक्सइन्फो -बी' ही आज्ञा देऊन पाहा: रेंडररच्या ओळीत 'एलएलव्हीएमपाइप' असेल, तर चित्र अजूनही प्रोसेसरच काढत आहे, तेथे कार्डाचे नाव दिसायला हवे.