सावळीला घर हवंय, पण ती खूप बुजरी आहे. कसं घर शोधू?

सुट्टीची_स्वयंसेविका
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा प्लीज. सासवड रोडच्या बाजूला एक शेल्टर आहे, तिथे मी सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते. तिथे एक काळी इंडी (म्हणजे आपली देशी) कुत्री आहे, व्हेटच्या अंदाजाने तीनेक वर्षांची, आम्ही तिला सावळी म्हणतो. गाडीने उडवलेली, कोणीतरी आणून दिली, मागच्या पायाचं ऑपरेशन झालं. आता पाय टेकते पण धावताना लंगडते, आणि तिची मूळ जागा म्हणजे हायवेच्या कडेचा ढाबा, त्यामुळे तिला तिथे परत सोडायची आमच्यापैकी कोणाची हिंमत होत नाही. नसबंदी झालीय, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे, रेबीज आणि बाकीच्या लसी झाल्यात.

अडचण एकच. लोक बघायला येतात, बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारतात, शेपट्या हलवतात आणि ही मागच्या भिंतीला चिकटून, शेपूट पोटाशी, तोंड दुसरीकडे. लोक विचारतात ही आजारी आहे का आणि पिल्लांकडे वळतात. चावत अजिबात नाही, ड्रेसिंग करतानासुद्धा नुसती थरथरत पडून राहायची. एकदा माझी लेस सुटली म्हणून मी खाली वाकले तर पाणी पीत होती ते टाकून कोपऱ्यात पळाली, खाली वाकलेला माणूस दगडच उचलणार असं तिला वाटत असणार. पण परवा तिच्याकडे पाठ करून फोनवर बोलत बसले होते तर मागून हळूच आली आणि माझ्या ओढणीचं टोक हुंगून गेली. एवढंच, पण मला दिवसभर पुरलं ते.

तर प्रश्न असा की अशा कुत्रीसाठी कसं घर बघायचं? फ्लॅट चालेल का, लहान मुलं असली तर? आणि दत्तकाच्या पोस्टमध्ये तिचा भित्रेपणा लिहायचा की नाही? एक मैत्रीण म्हणते लिहू नकोस, घरी गेल्यावर आपोआप सुटेल. मला ते पटत नाहीये.

गंगापूर_रोड
ताई लिहाच, आणि पहिल्या ओळीत लिहा. आमच्याकडे असाच एक आहे, भोलू. आम्हाला शेल्टरवाल्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की हा कित्येक दिवस तुमच्याकडे बघणारही नाही, म्हणून आम्ही त्या तयारीने आणला. सांगितलं नसतं तर आठवड्यात परत नेऊन दिला असता कोणीतरी, आणि परत आलेलं कुत्रं अजूनच मिटतं.

नव्या घरात रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं जे सगळीकडे सांगतात ते ढोबळ आहे, बुजऱ्या कुत्र्याला त्याहून जास्तच धरून चाला. आमचा सुरुवातीला डायनिंग टेबलखालीच असायचा, खायचा तेही रात्री सगळे झोपल्यावर. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, फरशी पुसायची काठी, सगळ्याची भीती. झाडू हातात घेतला की मुतायचा बिचारा. मग सासूबाईंनी काय केलं, रोज दुपारी टेबलापासून जरा लांब खाली बसून पेपर वाचायच्या आणि मधूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्या बाजूला सरकवायच्या, त्याच्याकडे न बघता. हाक नाही, हात लावणं नाही. ते अंतर हळूहळू त्यानेच कमी केलं.

आणि पट्टा!! नुसत्या कॉलरवर बाहेर काढू नका कधीच. घाबरलेलं कुत्रं मागे मागे सरकतं आणि डोकं सोडवून घेतं, रिक्षाचा हॉर्न पुरतो त्याला. कॉलर आणि हार्नेस (छातीभोवती बांधतात तो) दोन्ही, दोन वेगळे पट्टे, आणि गळ्यात फोन नंबरची पट्टी. बाहेरचं दार उघडायच्या आधी आतलं दार बंद. बुजरं कुत्रं एकदा सुटलं की मालकाच्या हाकेलाही येत नाही, उलट लांब पळतं.

व्हेट_सातारा
मी लहान जनावरांची प्रॅक्टिस करतो. एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. ड्रेसिंग करताना ती पडून राहायची हे तुम्ही चांगलं लक्षण म्हणून लिहिलंय, ते तसं धरू नका. पळायला जागा नसली की कुत्रं गोठतं. अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, वारंवार ओठ चाटतं, झोप नसताना जांभया देतं. अशा वेळी ते परवानगी देत नसतं, सहन करत असतं, आणि सहन होईनासं झालं की न गुरगुरताही दात लावू शकतं. म्हणून पाच-सहा वर्षांची मुलं असलेलं घर मी सावळीसाठी सुचवणार नाही. मुलं वाईट म्हणून नव्हे, पण मूल कोपऱ्यात घुसून मिठी मारणारच. समजूतदार मोठी मुलं असतील तर हरकत नाही. आणि लस झालेल्या कुत्र्याचासुद्धा दात लागला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, हे नव्या घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

दुसरं, पायाचा एक्सरे परत काढून घ्या. ऑपरेशन झालेला पाय दुखत असला तरी कुत्रं अंग चोरून बसतं आणि आपण त्याला स्वभाव म्हणतो. गोचीडतापासाठी रक्तही तपासा, त्यातही कुत्रं मलूल राहतं. दुखणं निघालं तर ते आधी, ट्रेनिंग नंतर. हे सगळं नीट असूनही भीती फारच असेल तर त्यावर औषधं आहेत, व्हेटच्या सल्ल्याने देता येतात, त्यात कमीपणा काही नाही.

घाबरलेली असताना जवळ घेतलं तर भीती वाढते असंही बरेच जण म्हणतात. तसं नाहीये. ती स्वतःहून तुमच्याजवळ आली तर खुशाल जवळ बसू द्या. ओढून मांडीवर घेऊ नका, एवढंच.

मळ्यातला_गडी
फ्लॅटपेक्षा एखाद्या फार्महाऊसला द्या ना, मोकळी हवा, माणसं कमी. आमच्या जुन्नर साइडला बरेच लोक कुत्री मागत असतात.

गंगापूर_रोड
दादा रागावू नका, पण फार्महाऊसला नकोच. मागणाऱ्यांपैकी बहुतेकांना राखण करणारं कुत्रं हवं असतं, म्हणजे दिवसभर साखळी आणि रात्री मोकळं. सावळी भुंकणार नाही, ती उसात नाहीतर मक्यात जाऊन लपेल आणि मग कोण शोधणार? त्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा सगळा बिबट्याचा पट्टा, तिथे कुत्री उचलून नेतो हे तुम्हाला मी काय सांगायचं. लंगडणारी कुत्री रात्री अंगणात म्हणजे संपलंच.

मळ्यातला_गडी
बिबट्याचं खरं आहे, आमच्या वस्तीवरची दोन गेली. रात्री घरात घेणारं कुटुंब असेल तरच सांगतो मग.

सोसायटीचा_सेक्रेटरी
फ्लॅट चालेल, पण कोणता ते बघा. माझ्या मते तळमजला किंवा पहिला मजला. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाबरोबर अडकणं तिला झेपणार नाही, आणि पायामुळे रोज तीन-चार जिने नकोत. फटाक्यांच्या दिवसांत घर बदलू नका, दिवाळी तोंडावर असेल तर ती होऊ द्या.

सोसायटी कुत्रं पाळायला बंदी करू शकत नाही, लिफ्ट वापरायलाही नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत तशा. पण भाड्याचं घर असेल तर मालकाचं लेखी घ्याच, घर बदलताना कुत्रं परत आणून देतात लोक, हे मी स्वतः पाहिलंय. महापालिकेचा परवाना काढायला लावा. आणि दत्तक करारात स्पष्ट लिहा की जमलं नाही तर शेल्टरलाच परत, रस्त्यावर नाही. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घेणाऱ्यांबद्दल हेच म्हटलंय, ते कुत्रं परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

वाईचे_आजोबा
मी आणि सौ. दोघंच असतो, वाईला बैठं घर आहे, भिंतीचं कंपाऊंड, गेट कायम बंद. घरात मोती आहे, दहा वर्षांचा, नसबंदी झालेला, एकदम शांत, मांजर त्याच्या ताटलीत जेवतं. आम्हाला पिल्लू नकोच आहे, या वयात पिल्लामागे पळणं होत नाही. ही आमच्याकडे नुसती कोपऱ्यात बसून राहिली तरी चालेल आम्हाला, रोज दोन वेळा ताट भरून मिळेल. सौ. विचारतेय की भाकरी आणि मऊ भात खाते का, आणि मोतीचा त्रास होईल का तिला.

व्हेट_सातारा
आजोबा, शांत वयस्कर कुत्रा घरात असणं ही अशा कुत्रीसाठी सगळ्यात चांगली गोष्ट. मोती तुमच्या हातून खातो, तुमच्या पायाशी झोपतो, हे ती लांबून बघत राहते आणि त्यातूनच धीटावते. फक्त दोघांच्या ताटल्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. भात-भाकरी चालेल, बरोबर उकडलेलं चिकन किंवा अंडं हवं, कांदा, द्राक्षं, मनुका अजिबात नको.

सुट्टीची_स्वयंसेविका
सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सरे आणि रक्ताचं शेल्टरच्या डॉक्टरांशी आजच बोलते. पोस्टमध्ये सगळं खरं लिहिणार.

आजोबा, भात-चिकन आवडीने खाते, भाकरी अजून देऊन बघितली नाही. तुम्ही आणि आजी या, मोतीलाही आणा, पण त्याच दिवशी न्यायचं असं मनात धरून येऊ नका. पहिल्यांदा दोन्ही कुत्र्यांना बाहेरच्या मोकळ्या जागेत लांबून एकत्र चालवू, तुम्ही तिच्याशी बोलू नका, बघूही नका, मोतीशीच बोला. अशा दोन-तीन भेटी झाल्या की मग मी आधी घर बघायला वाईला येईन, कंपाऊंड आणि गेटखालची फट बघायचीय मला. येण्याआधी शेल्टरला फोन करा, सकाळी या, दुपारी तिथे गाड्यांची ये-जा असते आणि ती बाहेर येत नाही. हार्नेससाठी तिचं माप मी तोपर्यंत घेऊन ठेवते.