अरेकाचे शेंडे काहून जळून राह्यले? (फॅमिली ग्रुप)

मोठी वहिनी: [फोटो] पाहा बरं, हॉलमधल्या अरेका पामाले काय झालं. पानाचे शेंडे जळल्यावानी झाले. पानी तर मी रोज टाकतो.

नाना: ऊन लागलं असन. पारा ४५ च्या वर, मानसाचेच शेंडे जळून राह्यले 😄

आत्या: हॉलमंधी कुठचं ऊन नाना! युरिया टाकला का वं?

मोठी वहिनी: नाई वो आत्या. मूठभर शेनखत, थे बी दिवाळीले.

ताई: वहिनी, पानी कोनतं टाकता?

मोठी वहिनी: बोरचं. अन् हे सकाळी कूलर खाली करतात, थे पानी बी कुंडीतच.

ताई: तिथंच घोळ आहे मंग. कूलरमधलं पानी उडून जाते, क्षार टाकीतच राह्यते. कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर बसते ना, थोच कुंडीत चालला. अरेका मादागास्करचं झाड. त्याले क्षार सोसत नाही, फ्लोराइड तर बिलकुल नाही. पह्यले शेंडेच जळतात.

दादा: पानी वाया घालवाचं का मंग? गावात टँकर येऊन राह्यला.

ताई: वाया कशाले, कडुलिंबाले टाक. आरओ फिल्टरच्या बाजूच्या नळीतून जे पानी निंगते थे बी कुंडीत नोको, त्यात क्षार जास्तच असते. आता एकडाव कुंडी मोरीत ठेवून ताजं पानी हळूहळू सोडा, खालच्या भोकातून चांगलं वाहू द्या. मृगाचा पाऊस लागला की पावसाचंच पानी भरून ठेवा.

अन् रोज पानी नोको वहिनी. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच टाका. कुंडीत वावरातली काळी माती भरली का?

मोठी वहिनी: हो, आपलीच.

ताई: वरून भेगा, खाली चिखल. मुळं सडतात. पावसाळ्यात माती बदला, अर्धी रेती अन् कुजलेलं शेनखत मिसळा. कुंडी लय मोठी घेऊ नका, पामाले जरा आवळच बरी.

नाना: शेंडा खुडून टाका ना, कपाशीवानी फुटवे येतीन.

ताई: नाना, नोको!! पामाच्या एका खोडाले एकच कोंब असते. थो खुडला का थे खोड मेलं. नुसते जळलेले टोक कात्रीनं कापा, हिरव्यात शिरू नका.

आत्या: माह्या पानावर बारीक पिवळे ठिपके आहेत वं.

ताई: पानाखाली पांढरा कागद धरून झटका. कागदावरचे ठिपके चालाले लागले तर लाल कोळी, बारीक कीड. कोरड्या हवेत येतेच. ओल्या फडक्यानं पानाची खालची बाजू पुसा, मंग निंबोळी तेल फवारा.

पिंटू: पन हे झाड घराची हवा साफ करते ना? नासानं सांगतलं मन्ते.

ताई: नासाचा थो अभ्यास १९८९ चा. झाडं सीलबंद पेटीत तपासली होती बाप्पा. आपल्या घरी कूलर चालू अन् खिडक्या उघड्या. दिसते चांगलं, म्हून ठेवा.

दादा: कडुलिंब फाटकापाशी आहे. बादली कोन नेईन?

मोठी वहिनी: जो कूलर खाली करते, थोच.