ब्लॉकेजमध्ये पांढऱ्या पेशींचा काय रोल?

शंकासुर: पांढऱ्या पेशी आपल्या बाजूच्या ना, मग ब्लॉकेजमध्ये त्यांचं नाव कसं काय येतं?

निशाचर: अहो त्या साफसफाईलाच येतात, धमनीच्या भिंतीत अडकलेलं ऑक्सिडाइझ्ड एलडीएल (ऑक्सिजनने बिघडलेलं 'वाईट' कोलेस्टेरॉल) मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी, गिळत सुटतात, आणि गंमत म्हणजे बाकीच्या पेशी पोट भरलं की एलडीएल रिसेप्टर (एलडीएल आत घेणारी दारं) कमी करतात पण ह्यांच्या स्कॅव्हेंजर रिसेप्टरला (बिघडलेला माल आत घेणाऱ्या दारांना) तो ब्रेकच नाही, मग कोलेस्टेरॉलने फुगून फेसाळ दिसणाऱ्या फोम सेल होतात, आणि त्याच भिंतीत साचून ब्लॉकेज बनत जातो

शंकासुर: बाहेर काढायची सोयच नाही?

कडुलिंब: आहे की. पेशीत कोलेस्टेरॉल वाढलं की एलएक्सआर नावाचा आतला सेन्सर जागा होतो, एबीसीए१ नावाचा पंप वाढवतो, माल एचडीएलकडे, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलकडे जातो. आवक फारच झाली की मात्र कोलमडतं. बाकी २०१७च्या कँटोस नावाच्या औषध-चाचणीत एलडीएल न उतरवता नुसती सूज कमी केली तरी हार्ट अटॅक घटले, मला तरी हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं